आन्सेलला अडवायचं कसं

तालिसायमध्ये लोखंडी फाटकं बनवणारा एकच माणूस होता, सिल्वेरियो गादियान. सगळं गाव त्याला नोंग बेर्योंग म्हणायचं. नोंग म्हणजे दादा. आणि त्याच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेली माणसंही त्याला नोंगच म्हणायची. वय एकेचाळीस, उंची बेताची, खांदे रुंद आणि पोटऱ्या दगडासारख्या. दिवसभर काळा चष्मा लावून वेल्डिंगच्या ठिणग्या उडवायच्या आणि ऊन उतरलं की चर्चमागच्या पत्र्याच्या छपराखाली बास्केटबॉल खेळायला जायचं, हा त्याचा पंधरा वर्षांचा नेम.

गिमारास बेटावर बास्केटबॉल खेळत नाही असा पुरुष शोधावा लागतो. चपला घालून खेळतात, अनवाणी खेळतात, लग्नाच्या पंगतीतून उठून खेळतात. पण प्रत्येकाला बॉल रिंगमध्ये टाकायचा असतो. बेर्योंगला त्याची फारशी हौस नव्हती. एखाद्या सामन्यात त्याच्या नावावर दोन गुण लागले तर तोच ओशाळायचा. त्याला आवडायचं ते समोरच्याला अडवणं. दरवर्षी जत्रेच्या स्पर्धेत प्रतिस्पर्धी गावाचा सगळ्यात चांगला खेळाडू त्याच्या वाट्याला यायचा, आणि सामना संपेपर्यंत त्या बिचाऱ्याच्या नाकी नऊ आलेले असायचे. धंदा फाटकांचा, खेळ अडवण्याचा. त्यामुळे लोक त्याला ‘गेट’ म्हणायचे, आणि ते त्याला मनातून आवडायचं.

त्याची बायको लुझमिंदा आरोग्य केंद्रात कारकून होती. अक्षर मोत्यासारखं, म्हणून जत्रेच्या स्पर्धेत गुणांची नोंद तिच्याकडे. कोर्टाच्या कडेला टेबलाशी ती बसली की नवऱ्याला ओळखही दाखवायची नाही. एकदा बेर्योंगनं लांबूनच हात हलवला, तर घरी आल्यावर म्हणाली, “टेबलाशी बसलेल्या बाईला नवरा नसतो.”

त्या वर्षी मे महिन्यात लुझच्या बहिणीचा मुलगा आन्सेल शहरातून घरी आला. खाडीपलीकडे इलोइलोच्या कॉलेजात तो खेळत होता, पेपरात फोटो येत होते. वय एकवीस, उंची सहा फुटांच्या वर, आणि बॉल घेऊन धावायला लागला की जमिनीला पाय लागतात की नाही अशी शंका यावी. तो आईच्या गावाकडून, म्हणजे शेजारच्या लिनाओकडून खेळणार होता. बेर्योंग त्याचा नात्यानं काका आणि वर ‘निनोंग’, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. आन्सेल सहा वर्षांचा असताना त्याच्या घराच्या भिंतीला पहिली रिंग बेर्योंगनंच सळई वाकवून लावून दिली होती.

गटातल्या पहिल्याच सामन्यात तालिसाय आणि लिनाओ समोरासमोर आले. आन्सेलला कोण धरणार हे विचारायची गरजच नव्हती.

त्या संध्याकाळी आन्सेलनं एक्केचाळीस गुण केले. लांबून मारलेले शॉट त्यात मोजके. बाकी सगळे आत घुसून. तो बॉल खाली गुडघ्यापाशी ठेवायचा, डावा खांदा जरासा झुकवायचा, बेर्योंग त्या बाजूला कलला की हा उजवीकडून वाऱ्यासारखा रिंगखाली. तिसऱ्या डावात तर बेर्योंगचे पाय एकमेकांत अडकले आणि तो सगळ्यांच्या देखत धपकन बसला. आन्सेलनं बॉल टाकला, परत येताना हात देऊन त्याला उठवलं आणि हळूच म्हणाला, “लागलं नाही ना, निनोंग?” ते जास्त लागलं. तालिसाय चोवीस गुणांनी हरलं.

कुणीतरी फोनवर तो प्रसंग टिपला होता. अकरा सेकंदांची ती चित्रफीत दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या आत सगळ्या बेटावर पोचली. खाली लिहिलं होतं, ‘गेट उघडं राहिलं’. धक्क्यावरचे होडीवाले बेर्योंगला पाहून बाजूला सरायचे आणि वाकून म्हणायचे, “या, या, रस्ता मोकळा आहे.” मधल्या आळीतली नांग पासिंग, म्हणजे पासिंगताई, मासे विकायची. तिनं फाटकाचं काम दिलं होतं. माप घ्यायला गेलेल्या बेर्योंगला ती तोंड अगदी सरळ ठेवून म्हणाली, “कडी जरा चांगली लाव हो. परवा कुणीतरी सांगत होतं, तुझी फाटकं बंद होत नाहीत.”

बेर्योंग हसला. घरी मात्र त्याला हसू येईना. जेवताना त्यानं लुझला विचारलं, “त्याचे किती गुण उजवीकडून आले आणि किती डावीकडून, तुझ्या कागदावर खुणा असतील ना?”

“असतील.”

“मग बघू तरी.”

“टेबलाचा कागद टेबलावर राहतो.”

“अगं, मी तुझा नवरा आहे.”

“आन्सेल माझ्या बहिणीचा मुलगा आहे. त्यालाही दाखवला नाही,” असं म्हणून तिनं त्याच्या ताटात सुक्या माशाचा आणखी एक तुकडा वाढला. “भात घे. पाय एकमेकांत अडकतात ते उपाशीपोटी.”

कागद मिळेना, तेव्हा बेर्योंगनं ती अकरा सेकंदंच पुन्हा पुन्हा पाहायला घेतली. कामाच्या शेडमध्ये स्टुलावर बसून त्यानं स्वतःला तीस वेळा पडताना पाहिलं. आधी आन्सेलचे पाय पाहिले, मग स्वतःचे. खांद्याच्या हुलकावणीला आपण भुलतो हे कळलं, पण ते त्याला आधीच ठाऊक होतं. मग कधीतरी त्याची नजर चित्राच्या कडांवर गेली आणि तो थबकला. त्याचे चार जोडीदार त्यात होते. उंच मास्तर विन्स्टन कमरेवर हात ठेवून उभा. रेक्सन केसांवरून हात फिरवतोय. मासेमारी करणारे दोघे भाऊ, इस्को आणि पाब्लिंग, आपापल्या माणसाला चिकटून गुपचूप बघतायत. आन्सेल रिंगखाली पोचेपर्यंत एकाचाही पाय हललेला नव्हता.

लिनाओशी पुन्हा गाठ पडणार हे नक्की होतं, कारण बाकीच्या गावांत दम नव्हता. पुढचे सामने जिंकून दोन्ही गावं अंतिम सामन्याला आली. मध्ये नऊ दिवस होते. बेर्योंगनं चौघांना शेडमध्ये बोलावलं, कलिंगड कापलं आणि फोन पुढे केला.

“हे आम्ही पाहिलंय, नोंग,” रेक्सन हसू दाबत म्हणाला. तो संघाचा बॉल टाकणारा हुकमी गडी; मोबाइलच्या दुकानात काम करायचा आणि सामन्याआधी अर्धा तास केस बसवायचा. “मी तर चार जणांना पाठवलं.”

“मला बघू नकोस. स्वतःला शोध त्यात.”

चौघं वाकून बघू लागले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा विन्स्टन मास्तर खाकरला. “आपण चौघं प्रेक्षक झालोय की इथे.”

“तेच,” बेर्योंग म्हणाला. “तो मला पार करून जाणारच. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, आणि अर्धं त्याला मीच शिकवलंय. त्याला अडवणं एका माणसाचं काम नाही. एकानं फक्त तो कुठून जाणार ते ठरवायचं. अडवायचं पाचांनी.”

मग त्यानं खडूनं फरशीवर कोर्ट काढलं. तो स्वतः आन्सेलपासून हातभर लांब उभा राहणार, जरा त्याच्या उजव्या अंगाला सरकून. म्हणजे उजवीकडची वाट बंद आणि डावी मुद्दाम उघडी. बॉलला हात घालायचा नाही, हुलकावणीला उडी मारायची नाही, पाय आधी. आन्सेल डावीकडे वळला की विन्स्टननं एक पाऊल पुढे टाकून उभं राहायचं, आपला माणूस थोडा सुटला तरी चालेल. रेक्सननं रिंगखाली येऊन पाय रोवायचे. इस्कोनं कोपरा सोडून मधे यायचं. बॉल बाहेर गेला की सगळ्यांनी धावत आपापल्या माणसाकडे परत. आणि आपण बॉल टाकला की दोघांनी लगेच मागे पळायचं, कारण मोकळं मैदान मिळालं तर आन्सेलला देवही धरू शकत नाही.

“मी कोपऱ्यातून आलो तर माझा माणूस मोकळा राहील,” इस्को म्हणाला.

“राहू दे. तुझा माणूस कोण? इपे.”

इपे लिनाओचा बेकरीवाला. पोट सुटलेलं, पळून पळून दमायचा म्हणून कोपऱ्यात उभा राहायचा. दहातला एखादा शॉट लागला तर लागला.

“तसं नाही, नोंग,” इस्को मान खाजवत म्हणाला. “इपे रोज सकाळी आमच्या दारात पाव घेऊन येतो. माझ्या सासूच्या हातात देतो. त्यानं माझ्यासमोर एक जरी बॉल टाकला ना, तर वर्षभर पावाबरोबर ते पण मिळेल. लोक काय बघतात? कुणाचा माणूस मोकळा होता तेवढंच बघतात.”

पाब्लिंगनं मान डोलावली. रेक्सननंही. खरी अडचण पायांची नव्हतीच. आपला माणूस सोडून दुसऱ्याच्या मदतीला गेलं, आणि त्या सोडलेल्यानं गुण केले, तर शिव्या खायच्या त्या मदतीला जाणाऱ्यानं. म्हणून कुणी जागचं हलत नव्हतं.

बेर्योंगनं कलिंगडाची बी थुंकली. “असं करू. मोकळ्या माणसानं बॉल टाकला की हात मी वर करीन. मोठ्यानं ओरडीन, माझी चूक. प्रत्येक वेळी. मग कुणाचाही माणूस असो.”

“आणि लोक तुलाच शिव्या देतील.”

“सध्या कोणाला देतायत? अजून थोड्या बसतील.”

नऊ दिवस ते रोज ऊन उतरल्यावर जमले. संघाचा प्रशिक्षक म्हणून गावच्या पंचायतीतला एक सभासद होता; तो बाकावर बसून नारळपाणी प्यायचा आणि अधूनमधून “अडवा, अडवा” म्हणायचा. पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. पाचही जण एकाच वेळी धावून एकमेकांवर आदळले. तिसऱ्या दिवशी विन्स्टननं वर्गातल्यासारखी हजेरी घ्यायला सुरुवात केली: प्रत्येकानं आपण काय करतोय ते ओरडून सांगायचं. “मी पुढे आलो”, “मी खाली आहे”, “मी मधे”. बाजूनं जाणाऱ्या बायका थांबून हसायच्या. सातव्या दिवशी मात्र बेर्योंगला मागे न बघता कळायला लागलं की मागे कोण कुठे आहे, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपल्या पाठीला डोळे फुटलेत.

अंतिम सामना जत्रेच्या दिवशी दुपारी चारला होता. गावात घराघरात डुक्कर भाजलं होतं, आणि पोट भरलेली निम्मी माणसं कोर्टाभोवती, उरलेली झाडांवर. सामन्याआधी आन्सेल मधे आला, वाकला आणि बेर्योंगचा हात आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घेतला.

“गुडघे बरे आहेत ना, निनोंग?”

“बरे आहेत. तू आज डावीकडून जात जा. उजवीकडे छपराखालून ऊन येतंय, डोळ्यांवर येईल.”

आन्सेल हसला. त्याला ती थट्टा वाटली.

पहिल्याच वेळी तो उजवीकडे निघाला तर तिथे बेर्योंग आधीच उभा. मग डावीकडे वळला. दोन पावलांवर विन्स्टन, त्याच्यामागे इस्को, आणि रिंगखाली दोन्ही हात वर करून रेक्सन. आन्सेलला हवेत असतानाच बॉल कोपऱ्यात फेकावा लागला. इपेनं तो कसाबसा झेलला, इकडेतिकडे पाहिलं, जवळ कुणीच नव्हतं, म्हणून मारला. बॉल सरळ आत गेला.

सगळ्यात जास्त नवल इपेलाच वाटलं. लिनाओची माणसं नाचायला लागली. “इस्को, पाव गरम आहे का?” कुणीतरी ओरडलं. बेर्योंगनं हात वर केला. “माझी चूक.”

थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा इपे, पुन्हा आत. त्या दिवशी त्या माणसाच्या हाताला काय झालं होतं कोण जाणे. मध्यंतराला लिनाओ सहा गुणांनी पुढे होतं आणि त्यांच्या एकूण गुणांतले अकरा एकट्या इपेचे. बेर्योंगचा हात इतक्या वेळा वर गेला होता की झाडावरची मंडळी त्याच्याबरोबर हात वर करून “माझी चूक” ओरडत होती.

पंचायतीतल्या सभासदाचा धीर सुटला. “बंद करा हा प्रकार. प्रत्येकानं आपापला माणूस धरा. त्या पाववाल्यानं आपली अब्रू घालवली.”

“आन्सेलचे किती झाले?” बेर्योंगनं विचारलं. त्यानं टेबलाकडे पाहिलं. लुझ कागदावर नजर लावून बसली होती, चेहरा दगडासारखा. तेव्हा विन्स्टन म्हणाला, “सात. मी मोजलेत.”

“मागच्या वेळी मध्यंतराला बावीस होते,” रेक्सन म्हणाला. त्याचे केस घामानं कपाळावर चिकटले होते आणि त्याला त्याचं भानही नव्हतं.

बेर्योंगनं इस्कोकडे पाहिलं. “तू सांग. सासूचा प्रश्न तुझ्याकडे आहे.”

इस्कोनं लांबवर, प्रेक्षकांत बसलेल्या सासूकडे पाहिलं. ती दोन्ही हात हलवून त्याला काहीतरी सांगत होती, आणि ते कौतुक नव्हतं. “पाव बंद करून भात खाऊ,” तो म्हणाला. “मी मधे येतो.”

दुसऱ्या अर्ध्यात आन्सेलचा संयम सुटत चालला. आत शिरलं की तीन माणसं, बाहेर आलं की समोर बेर्योंग. तो लांबून मारायला लागला. दोन लागले, चार चुकले. धावून आत घुसायची सवय असलेल्या गड्याला थांबून मारायला लावलं की त्याचे पाय जड होतात. तो गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घ्यायला लागला. इकडे रेक्सन एकामागून एक बॉल टाकत राहिला. इपेचाही जोर ओसरला, पण पुरता नाही. मधेच एखादा टाकायचाच. शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा तालिसाय एका गुणानं पुढे आलं होतं.

आणि तेव्हाच बेर्योंग चुकला. आन्सेलनं तीच जुनी खांद्याची हुलकावणी दिली, दमलेल्या बेर्योंगचा हात नकळत पुढे गेला, आणि शिट्टी वाजली. लुझनं टेबलावरून पाच बोटं दाखवली. पाचवा फाउल, म्हणजे बाहेर. आणि ती पुन्हा कागदावर वाकली.

तो बाकाकडे चालू लागला तेव्हा दोन्ही गावांनी टाळ्या वाजवल्या. थट्टेच्या की खऱ्या, ते त्याला कळलं नाही. पंधरा वर्षांत शेवटच्या मिनिटांत आन्सेलसारख्या गड्यासमोर तो नाही असं कधी घडलं नव्हतं.

“इस्को, तू धर त्याला,” विन्स्टन कोर्टावरून ओरडला. मग बेर्योंगच्या जागी आलेल्या बदली गड्याला म्हणाला, “तू इपेच्या बाजूला. बाकी सगळं तसंच.”

दोन्हीकडचे गुण वाढत गेले. चौसष्ट-त्रेसष्ट, तालिसाय पुढे, नऊ सेकंदं बाकी. बॉल आन्सेलच्या हातात. इस्को त्याच्यापासून हातभर लांब, उजवी बाजू धरून, अगदी खडूनं काढलं होतं तसा. आन्सेलनं खांदा झुकवला. इस्कोचे पाय हलले नाहीत. आन्सेल डावीकडे सुटला. विन्स्टन “मी पुढे” म्हणत आला, आन्सेल त्याला वळसा घालून गेला आणि रिंगकडे झेपावला. त्याच्या वाटेत रेक्सन उभा होता. आयुष्यात ज्यानं कधी कुणाला आडवं जायचं मनात आणलं नव्हतं तो रेक्सन, हात छातीशी धरून, डोळे घट्ट मिटून. सहा फुटी देह त्याच्या छातीवर आदळला आणि तो पाठीवर घसरत रिंगच्या खांबापाशी गेला.

शिट्टी. पंचानं हात डोक्यामागे नेला आणि बोट तालिसायच्या बाजूला दाखवलं. रेक्सन आधीच पाय रोवून उभा होता. धक्का आन्सेलचा होता, म्हणजे बॉल आता तालिसायचा.

बाकावरचे नियम विसरून बेर्योंग आत धावला आणि रेक्सनपाशी वाकला. “कुठे लागलं?”

“चेहरा बरा आहे का, नोंग?”

“चेहरा आहे तसाच आहे.”

“मग बाकी काही नाही,” असं म्हणून रेक्सन पडूनच हसायला लागला.

उरलेली सेकंदं बॉल इकडून तिकडे फिरवण्यात गेली. तालिसाय जिंकलं. बेर्योंगच्या नावावर एकही गुण नव्हता. आन्सेलचे पंधरा. आणि इपेचे एकवीस, जे त्याच्या आयुष्यात कधी झाले नव्हते. हरलेल्या लिनाओनं इपेला खांद्यावर घेतलं, त्याला चौघं लागले, आणि वाजतगाजत गावभर फिरवलं. इपे वरून सगळ्यांना सांगत होता की उद्या पाव फुकट.

जेवणं आन्सेलच्या आईकडे होती. सूर्य बुडायच्या आत सगळे तिथे जमले, जिंकलेलेही आणि हरलेलेही. आन्सेल ताट घेऊन बेर्योंगच्या शेजारी बसला.

“निनोंग, तुम्ही मला एकच वाट ठेवलीत, आणि त्या वाटेवर अख्खं गाव उभं केलंत.”

“तू सांगितलेलं ऐकलंस. मी म्हणालो होतो डावीकडून जा.”

“डाव्या हातानं मला टाकता येत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“येतं. फक्त तुला उशीर लागतो. तेवढ्यात तीन माणसं येतात.” बेर्योंगनं भाजलेल्या मांसाचा कुरकुरीत तुकडा त्याच्या ताटात टाकला. “आणि इपेकडे बॉल चांगला टाकलास तू. एवढा चांगला टाकशील असं मला वाटलं नव्हतं.”

आन्सेलनं तो तुकडा तोंडात टाकला. “कॉलेजातले सर दोन वर्षं तेच सांगतायत, बॉल दुसऱ्याला देत जा,” तो म्हणाला. “ते सांगतात तेव्हा पटत नाही.”

जूनमध्ये तो शहरात परत गेला. दर रविवारी फोन करून विचारायचा, अमुक गडी असा खेळतो, तुम्ही काय केलं असतंत. बेर्योंग स्टुलावर बसून सविस्तर सांगायचा आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकं ताटकळायची. गुडघ्यांनी त्या पावसाळ्यात सुट्टी मागितली, म्हणून त्यानं खेळणं थांबवलं. ते काही त्याच्या मनाला फार लागलं नाही, कारण तोवर दुसरंच काहीतरी गळ्यात पडलं होतं. गावातल्या बायकांनी आपला संघ काढला होता आणि त्यांना कुणीतरी शिकवणारं हवं होतं.

“शिकवायला कोण मिळेल, असं लुझ आम्हाला विचारत होती,” नांग पासिंग फाटकापाशी उभी राहून म्हणाली, “मी तिला म्हटलं, तुझा नवराच का नाही? बॉल टाकायचं नंतर बघू. आधी अडवायचं शिकव.”

आता मंगळवारी आणि शुक्रवारी ऊन उतरल्यावर त्या बारा जणी छपराखाली ओळीत उभ्या राहतात, गुडघे वाकवून, हात पसरून, बाजूबाजूनं सरकत. निम्म्या वेळा हसत हसत एकमेकींवर पडतात. आपण कुठे आहोत ते ओरडून सांगण्यात मात्र त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. त्यातही मासळीबाजारात तयार झालेला पासिंगचा आवाज असा आहे की ती “मी खाली आहे” म्हणाली की धक्क्यावरचे होडीवालेही मान वर करून बघतात.